काळी जर्सी : इटलीच्या सायकल रेसमधल्या शेवटच्या माणसाची गोष्ट

(पडदा काळा. फक्त सायकलच्या चेनचा आवाज.)

मे महिना. इटलीतलं एखादं छोटं गाव. दुकानांच्या काचांवर गुलाबी पताका, गुलाबी फुगे, कुणीतरी तर घरातली जुनी सायकलच गुलाबी रंगवून बाल्कनीला लटकवलीय. एक आजी सकाळपासून खुर्ची टाकून रस्त्याच्या कडेला बसलीय. मग पोलिसांच्या मोटरसायकली जातात, मागून गाड्या, वर हेलिकॉप्टर घरघरायला लागतं, सगळे मान लांब करून वळणाकडे बघतात आणि सर्रर्रकन घोळका येतो आणि जातो. झालं. अर्धा मिनिटसुद्धा नाही. एवढ्यासाठी आजी सकाळपासून बसली होती.

पण थांबा, आजी अजून उठलेली नाहीये. कारण मागून अजून एक जण येतोय. एकटा. धापा टाकत. आणि टाळ्या बघा, आत्ता कुठे खऱ्या वाजतायत.

आज आपण या मागून येणाऱ्याबद्दल बोलणार आहोत. इटली म्हटलं की लोक आधी फुटबॉलवर येतात, चार वर्ल्डकप आहेत त्यांचे, त्यात चुकीचं काहीच नाही, पण स्टेडियमला तिकीट लागतं आणि ही रेस तुमच्या दारावरून जाते. जिरो दि'तालिया. म्हणजे सरळ मराठीत, इटलीची फेरी. तीन आठवडे, रोज एक टप्पा, सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळवायचा, ज्याचा सगळ्यात कमी तो पहिला. आणि ज्याचा सगळ्यात जास्त तो शेवटचा. हा शेवटचा लक्षात ठेवा.

सुरुवात कशी झाली, तर पेपरवाल्यांच्या भांडणातून. मिलानमध्ये 'गॅझेटा देल्लो स्पोर्ट' नावाचा खेळांचा पेपर होता, १८९६ साली निघालेला, आधी हिरव्या कागदावर छापायचे, मग गुलाबीवर आले आणि तो गुलाबी रंग आजपर्यंत सोडला नाही. १९०८ च्या ऑगस्टमध्ये यांच्या कानावर आलं की 'कोरिएरे देल्ला सेरा' हा मोठा पेपर सायकल रेस काढायच्या विचारात आहे. मग काय, गॅझेटाने खिशात दमडी नसताना आधीच जाहीर करून टाकलं की रेस आम्ही घेणार! पैसे नंतर इकडून तिकडून गोळा केले, आणि गंमत म्हणजे पहिल्या नंबरच्या बक्षिसाचे ३,००० लिरा त्या कोरिएरेनेच दिले. असले प्रतिस्पर्धी प्रत्येकाला मिळोत.

१३ मे १९०९, पहाटेचे २ वाजून ५३ मिनिटं. मिलानहून १२७ जण निघाले. आठ टप्पे, २,४४८ किलोमीटर. रस्ते म्हणजे धूळ आणि खड्डे, गिअर नाहीत, पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं. परत आले ४९. जिंकला लुइजी गाना, पेशाने गवंडी, गावाहून मिलानला कामाला जायचा तोच मुळी सायकलवर. रेस संपल्यावर पत्रकाराने विचारलं, काय वाटतंय? बिचारा पत्रकार काहीतरी देशाबिशाबद्दल ऐकायच्या तयारीत असणार. गाना आपल्या गावच्या बोलीत म्हणाला, ढुंगणाची नुसती आग होतेय.

इटलीच्या पहिल्या जिरो विजेत्याचं पहिलं वाक्य हे आहे, आणि इटालियन लोक ते आजही हसत हसत सांगतात.

(फोटो : पांढऱ्या धुळीचा रस्ता, एक बाई सायकलवर.)

ही आल्फोन्सिना स्त्रादा. १९२४ साल. त्या वर्षी मोठ्या टीम्सचं आणि आयोजकांचं पैशांवरून बिनसलं, टीम्स आल्याच नाहीत, म्हणून गॅझेटाने सांगितलं की एकेकट्याने कोणीही या, जेवण आमच्याकडून. आल्फोन्सिनाने नाव दिलं. नोंदणीत नावातला शेवटचा 'आ' गायब होता, त्यामुळे वाचणाऱ्याला पुरुषच वाटावा. मुद्दाम केलं की चुकून झालं यावर अजून वाद घालतात लोक. नंबर ७२. बारा टप्पे, ३,६०० किलोमीटरच्या वर, आणि ९० पुरुषांमध्ये, नाही, चुकलं, ८९ पुरुषांमध्ये ही एक बाई.

लाक्विला ते पेरुजा टप्प्यात पाऊस, वारा, पडापडी, त्यात हिचं हँडल तुटलं. झाडूचा दांडा बांधून ही पुढे निघाली. पोचली, पण दिलेल्या वेळेच्या बाहेर. नियमाने बाद. इथे आयोजकांनी काय केलं तर तिला म्हणाले, तुझा वेळ आम्ही मोजणार नाही, पण चालव तू, पुढे चालव. आता यात त्यांचा धंदाही होता हे उघड आहे, कारण गावोगाव लोक तिलाच बघायला येत होते आणि पेपर खपत होता. फ्युमे शहरात ती रडत, सगळ्यांच्या कितीतरी मागून पोचली तर लोकांनी तिला उचलून घेतलं. ९० पैकी ३० जण मिलानला परतले आणि त्यांच्यासोबत आल्फोन्सिनाही परतली, यादीत नाव नसलेली.

१९३१ मध्ये पुढे असणाऱ्याला गुलाबी जर्सी सुरू झाली, पेपरच्या कागदाचा रंग, दुसरं काय. ती गोष्ट सगळ्यांना माहिती असते. आपण सरळ १९४६ ला जाऊ.

युद्ध संपलंय. पूल पडलेत, स्टेशनं पडलीत, घरात खायला नाही. २ जूनला मतदान झालं, राजा घालवला, इटली प्रजासत्ताक झाली, आणि १५ जूनला जिरो निघाली. दोन आठवड्यांत! त्या रेसमध्ये पुढे दोन माणसं होती ज्यांच्यावरून घराघरात भांडणं व्हायची. जीनो बार्ताली, वयाने मोठा, देवभक्त, टस्कनीचा. आणि फाउस्तो कोप्पी, तरुण, बारीक, कमी बोलणारा, पीडमाँटचा. तुम्ही बार्तालीवाले की कोप्पीवाले, हे विचारलं की समोरच्याचं राजकारणसुद्धा कळायचं म्हणतात. त्या वर्षी बार्ताली जिंकला, फक्त ४७ सेकंदांनी.

आणि त्याच्या मागे चार तासांहून जास्त उशिराने, सगळ्यांच्या शेवटी, लुइजी मालाब्रोक्का.

शेवटच्या नंबरला त्या वर्षापासून एक जर्सी दिली गेली. काळी. इटालियनमध्ये 'माल्या नेरा'. काळाच का, तर एक गोष्ट सांगतात की १९२६ च्या जिरोत तिकोत्सेल्ली नावाचा एक फुटबॉलपटू हौसेने उतरला होता, कासाले क्लबचा आपला काळा फुटबॉल शर्ट घालूनच, आणि हे महाशय वाटेत खानावळ दिसली की टेबल धरून व्यवस्थित जेवायचे. तर काळा तिथून आला म्हणे. खरं असो नसो, मला तरी पटतं.

मालाब्रोक्का हा कोप्पीच्याच भागातला, तोर्तोनाचा, वयानेही जवळपास बरोबरीचा, मित्रच. आणि एक गैरसमज आधीच काढून टाकू, हा माणूस सायकल वाईट चालवायचा नाही. त्याने रेस जिंकल्या आहेत, आणि चिखलाच्या शेतातून सायकल खांद्यावर घेऊन पळायची असते ना, ती सायक्लोक्रॉस, तिचा तर तो दोनदा नॅशनल चॅम्पियन होता. पण त्याने हिशोब केला. पुढे कोप्पी आहे, बार्ताली आहे, तिथे आपल्याला काय मिळणार, सातवा-आठवा नंबर? त्याला कोण विचारतं. शेवटच्याला मात्र गावोगाव लोक हाक मारतात, चीज देतात, मांसाचं सॉसेज देतात, वाइनच्या बाटल्या देतात, पैसे देतात. उपाशी देश होता हो तो. आणि घरी बायकापोरं.

आता वाटेल की शेवटचं यायला काय लागतं, बसायचं झाडाखाली. तसं नाहीये. प्रत्येक टप्प्याला वेळेची हद्द असते, जिंकणाऱ्याला जेवढा वेळ लागला त्याच्यावर ठरावीक टक्के, त्याच्या बाहेर गेलात की बाद, घरी जा. म्हणजे हळू जायचं, पण किती हळू ते पुढचा किती जोरात गेलाय त्यावर ठरणार, आणि तो तर तुम्हाला दिसतही नाहीये! शिवाय तुमच्यासारखाच अजून एखादा शेवटच्या नंबरवर टपलेला असेल तर त्याच्याही मागे राहायचं. पुढे राहण्यापेक्षा हे डोक्याचं काम जास्त.

१९४६ आणि १९४७, दोन्ही वर्षं काळी जर्सी मालाब्रोक्काकडे. मग आलं १९४९.

१९४९ मध्ये त्याला तोडीस तोड भेटला, सांते कारोल्लो, विचेन्साकडचा गवंडी. हो, परत गवंडी. तर हे दोघे तीन आठवडे एकमेकांच्या मागे राहायला धडपडतायत, आणि लोकांना पुढच्या रेसइतकीच ही मागची रेस आवडायला लागली. मालाब्रोक्का बारमध्ये लपायचा, गोठ्यात लपायचा, टायर मुद्दाम पंक्चर करायचा. एकदा तर एका शेतातल्या पाण्याच्या टाकीत उतरून बसला, असं सांगतात, आणि शेतकरी आला, बघतो तर टाकीत माणूस. काय करतोयस रे इथे? तर म्हणे, जिरो चालवतोय.

(रेडिओची खरखर.)

आणि त्याच जिरोमध्ये, १० जून १९४९, कुनेओ ते पिनेरोलो, आल्प्समधला टप्पा, २५४ किलोमीटर, पाच मोठे घाट. पहिल्याच घाटात कोप्पी सुटला आणि १९२ किलोमीटर एकटा गेला. रेडिओवर मारिओ फेर्रेत्तीने जे म्हटलं ते आजही इटलीत म्हाताऱ्यांना पाठ आहे: एक माणूस एकटा पुढे आहे, त्याची जर्सी पांढरी-निळी आहे, त्याचं नाव फाउस्तो कोप्पी. बार्ताली दुसरा आला, जवळजवळ बारा मिनिटांनी.

एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, एक माणूस सगळ्यांना मागे टाकून एकटा आणि दुसरे दोघे सगळ्यांना पुढे जाऊ देऊन एकटे. मला हे चित्र फार आवडतं, पण असो.

शेवटचा टप्पा मोंझाला. कारोल्लो अजून मागे, आणि मालाब्रोक्काला आज त्याच्याही मागे पडायचंय. म्हणून वाटेत बार, मग कोणा चाहत्याच्या घरी, वाइन, गप्पा, वेळ जातोय, जाऊ दे. पोचला शेवटी मोंझाला आरामात, आता काळी जर्सी आपलीच. तर तिथे टायमकीपरच नाहीत! वाट बघून कंटाळले आणि गेले घरी. जाताना याच्या नावापुढे घोळक्याचाच वेळ लिहून गेले. झालं, अख्ख्या दिवसाची मेहनत पाण्यात. काळी जर्सी कारोल्लोला, कोप्पीच्या मागे ९ तास ५७ मिनिटं.

मालाब्रोक्काने नंतर शेवटचं यायचा नाद सोडला. वर सांगितलेली नॅशनल चॅम्पियनशिप, ती त्याच्या पुढची, १९५१ ला एक आणि १९५३ ला एक. घाई केली की जिंकायचा, असा तो गडी.

आता मध्येच एक शब्द. 'ग्रेगारिओ'. टीममधला साधा गडी, मूळ लॅटिन शब्द कळपावरून आला, रोमन फौजेतल्या साध्या शिपायालाही तेच म्हणायचे. काम काय, तर कॅप्टनसाठी पाणी आणायचं, वारा अंगावर घ्यायचा, त्याचं चाक गेलं तर आपलं चाक काढून द्यायचं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. कोप्पीचा असाच एक गडी होता, आंद्रेआ कार्रेआ. १९५२ ची फ्रान्सची रेस, तूर. लोझानच्या टप्प्यात काही जण पुढे पळाले, त्यांच्यावर लक्ष ठेवायला हा त्यांच्यासोबत गेला, आणि संध्याकाळी कळलं की एकूण वेळेत पहिला नंबर कार्रेआचा, पिवळी जर्सी त्याची. माणूस रडायला लागला. आनंदाने नाही हो, भीतीने. आता कोप्पीला काय वाटेल? जाऊन माफी मागितली. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझच्या चढावर कोप्पी जिंकला, जर्सी कोप्पीकडे गेली, आणि कार्रेआचा जीव भांड्यात पडला. आपल्याला हे विचित्र वाटतं, मलाही वाटतं, खरं सांगायचं तर थोडा रागच येतो. पण इटलीत कार्रेआचं नाव आजही काढतात ते त्या रडण्यामुळेच.

आयोजकांना मात्र काळ्या जर्सीचा वीट आला. पुढे काय चाललंय ते सोडून पब्लिक मागचा तमाशा बघतंय, टायमकीपर ताटकळतायत, आणि लपाछपीला रेस कसं म्हणायचं. १९५१ नंतर ती बंद.

१९५१ ची शेवटची काळी जर्सी घातली जोव्हान्नी पिनारेल्लोने. लोक त्याला नाने म्हणायचे, त्रेव्हीजोकडचा, मोठ्या गरीब घरातला. पुढच्या वर्षी, १९५२ ला, तो परत जिरोला निघायच्या तयारीत होता. टीम बोत्तेक्किया. तेवढ्यात टीमला पास्क्वाले फोर्नारा नावाचा बराच चांगला रायडर मिळाला, जागा एकच, आणि शेवटून पहिला आलेल्याला कोण ठेवणार. नानेला सांगितलं, तू नाव काढून घे, आम्ही तुला १ लाख लिरा देतो. किती लागलं असेल मनाला, विचार करा. पण पैसे घेतले आणि त्यातून त्रेव्हीजोमध्ये सायकलचं छोटं दुकान टाकलं. रिपेअरिंग, फ्रेम बनवणं, हळूहळू लहान टीम्सना सायकली देणं.

(क्लोज-अप : सायकलच्या फ्रेमवरचं नाव. पिनारेल्लो.)

हो, तेच हे पिनारेल्लो. आज लाखो रुपयांना मिळणारी सायकल, जिच्यावर विगिन्स आणि फ्रूम हे ब्रिटिश रायडर तूर जिंकले.

पण त्यांच्या कितीतरी आधी, १९७५ ची जिरो. त्या वर्षी रेस शहरात न संपवता थेट स्टेल्व्हिओच्या घाटावर संपवायची ठरली, २,७५७ मीटर उंचावर, आजूबाजूला बर्फ. फाउस्तो बेर्तोल्यो नावाचा रायडर गुलाबी जर्सीत तो चढ चढतोय, मागे लागलेला स्पॅनिश रायडर गाल्दोस काही केल्या हलत नाहीये, वळणामागून वळण दोघे एकत्रच. गाल्दोसने टप्पा जिंकला, पण बेर्तोल्यो त्याच्या चाकाला चिकटून राहिला आणि एकूण ४१ सेकंदांनी जिरो त्याची झाली.

सायकल नानेच्या कारखान्यातली.

(पडदा काळा. चेनचा आवाज, मग टाळ्या.)