डिझाईन एक, कोटेशन तीन

(स्क्रीनवर फिग्मा या डिझाईन काढायच्या सॉफ्टवेअरमधली फाईल, साडीच्या दुकानाचं होमपेज हळूहळू वरून खाली सरकतंय)

हे पेज बघितलं की वाटतं झालं की सगळं, आता फक्त इंटरनेटवर चढवायचं बाकी आहे. वर लोगो, त्याखाली मोठा बॅनर, मग साड्यांच्या फोटोंच्या ओळी, शेवटी पत्ता, इतवारी, नागपूर. दुकान आणि त्याचे मालक आपण या व्हिडिओपुरते उभे केलेत, पण असे काका नागपूरच्या इतवारीत नाहीतर महाल भागात तुम्हाला गल्लोगल्ली भेटतील. काकांनी डिझायनरकडून चित्र करून घेतलं, पैसेही दिले, आणि आता याची वेबसाईट बनवायची म्हणून तीन ठिकाणी पाठवलं. हिंगणा रोडवर रूम करून राहणारा इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणतो १५ हजार, मानेवाड्याची फ्रीलान्सर, म्हणजे एकटीने कामं घेणारी डेव्हलपर, म्हणते ४५ हजार, आणि आयटी पार्कातली एजन्सी म्हणते सव्वा लाख, वर जीएसटी. हे आकडे समजायला धरलेत, रेटकार्ड म्हणून लिहून घेऊ नका. पण ज्यांनी कधी कोटेशन मागवलंय त्यांना माहीत आहे की तफावत अशीच पडते.

काकांचा प्रश्न सरळ आहे. "चित्र एकच आहे न, मंग भाव तीन काहून?"

कारण चित्रात जे काढलेलंच नाही ते तिघांनी आपापल्या मनाने धरलं. पोराने जवळपास काहीच धरलं नाही, जे दिसतं ते बनवून देतो म्हणाला. एजन्सीने जे जे होऊ शकतं ते सगळं धरलं, त्यात टेस्टिंग करणारा वेगळा, काकांशी फोनवर बोलणारा वेगळा. मधली जी आहे तिने अर्धं धरलं, आणि कुठलं अर्धं ते कोटेशनवर लिहिलंच नाही, आणि माझ्या मते तीनपैकी सगळ्यात जास्त भांडण तिथेच होणार.

आधी रुंदीचं बघू. हे चित्र १४४० पिक्सेलवर काढलंय, लॅपटॉपच्या हिशेबाने. गिऱ्हाईक मात्र सीताबर्डीवरून मेट्रोत बसून ३६० पिक्सेलच्या फोनवर बघणार. पूर्वी ९६० पिक्सेलचा एक साचा केला की काम संपायचं, फोनवाल्याने दोन बोटांनी झूम करून वाचावं. मग मे २०१० मध्ये वेब डिझायनर ईथन मार्कोट यांचा रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाईनवरचा लेख आला, म्हणजे पेज एकच पण स्क्रीनच्या मापाप्रमाणे ते आपली मांडणी बदलणार, आणि तिथून पुढे एका चित्रामागे दोन-तीन मांडण्यांचं काम आलं. डिझायनरने फोनचं चित्र वेगळं दिलं असेल तर ठीक, नसेल तर मेनू कुठे लपवायचा, चार साड्यांची ओळ दोनवर आणायची का एकावर, बॅनरवरचं लिहिलेलं फोटोच्या खाली घ्यायचं का, हे सगळं डेव्हलपर ठरवतो, आणि ठरवायला वेळ लागतो, वेळेचे पैसे लागतात. काकांच्या फाईलमध्ये फोनचं चित्र नाही. तिघांपैकी एकानेही ते विचारलं नाही, सोडून द्या.

एक खर्च मात्र खरंच गेला. इंटरनेट एक्सप्लोरर या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ब्राऊजरसाठी पूर्वी वेगळी डोकेफोड असायची, बाकी सगळीकडे नीट दिसणारं पेज तिथे हमखास मोडायचं आणि त्याचे तास वेगळे लावावे लागायचे. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट बंद केला, आता कोटेशनमध्ये ती ओळ कोणी टाकली तर खुशाल खोडा.

(कॅमेरा एका साडीच्या चौकोनावर थांबतो)

आता हा एक चौकोन बघा. फोटो, खाली नाव, खाली किंमत, खाली बटण. डिझाईनमध्ये नाव आहे "पैठणी". दोन इंचाची जागा, एक शब्द, मस्त बसतो. काकांच्या वहीतलं खरं नाव आहे "करवतकाठी टसर, जांभळा काठ, मोरपंखी पदर, ब्लाऊजपीससहित". हे तीन ओळींत जातं, शेजारचा चौकोन एका ओळीचा, मग दोन्हीची बटणं वर-खाली होतात आणि अख्खी ओळ वाकडी दिसते. ते सरळ ठेवायचं काम वेगळं. साडी संपली तर? चित्रात एकही साडी संपलेली नाही. सूट लागली तर जुनी किंमत कुठे खोडून दाखवायची? एकाच साडीचे पाच रंग असले तर पाच चौकोन करायचे का एकाच चौकोनात पाच ठिपके? बटण दाबल्यावर नेट अडकलं तर गिऱ्हाईकाला काय दिसणार, आणि त्याने घाईघाईत दोनदा दाबलं तर दोन ऑर्डरी जाणार का? आणि फोटोच नसला तर? डिझायनरचे फोटो सगळे उभे, एका मापाचे, काकांचे व्हॉट्सॲपवरून आलेले, काही आडवे, एकात तर मागे दुकानातला नोकर पोहे खातोय.

चौकोन एकच, पण त्याच्या आठ-दहा अवस्था निघतात. पोराच्या १५ हजारांत यातली एक येते, जी चित्रात आहे ती. तो फसवत नाहीये, त्याला जे दाखवलं त्याचा भाव त्याने बरोबर सांगितला.

आता आपल्या भाषेचा मामला. काकांना साईट मराठीत पाहिजे आणि इंग्रजीत पण पाहिजे. डिझायनरने मोन्सेरात नावाचा फॉन्ट घेतलाय, दिसायला झकास, पण त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. म्हणजे मराठी मजकूर आला की ब्राऊजर फोनमध्ये जो असेल तो फॉन्ट उचलतो, एका फोनवर वेगळा, दुसऱ्यावर वेगळा. मग मुक्ता, पॉपिन्स किंवा नोटो सान्स देवनागरी असं काहीतरी शोधा, इंग्रजीशी जुळवा, डिझायनरला विचारा, तो दोन दिवस फोन उचलत नाही. इंग्रजी हेडिंगला त्याने अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलीये, तीच सेटिंग मराठीला लागली की शिरोरेषा तुटते आणि "करवतकाठी" तुकड्यातुकड्यात लटकलेली दिसते. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने कमी ठेवलंय, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर बसतो. आणि पेजच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवली नाही तर काही फॉन्टात ल आणि श हिंदी वळणाचे येतात, बऱ्याच जणांच्या ते लक्षातही येत नाही, पण शाळेत मराठी शिकवलेल्या काकूंच्या येतं.

याच्यावर अजून एक. दुकानाचा जुना कॅटलॉग डीटीपीवाल्याने श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला, युनिकोडच्या आधीचा, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत यायच्या आधीचा. तिथून मजकूर कॉपी करून वेबसाईटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खिचडा येतो. कन्व्हर्टर आहेत, पण नंतर कोणीतरी ओळ न ओळ वाचून दुरुस्त करावी लागते. हे काम कोण करणार, तिन्ही कोटेशनमध्ये शब्द नाही.

काकांनी स्वतःचा एक हिशेब केला होता. साड्या २००, म्हणजे पेजं २००, म्हणून एजन्सी महाग असेल. तसं नसतं. २०० साड्यांचा साचा एकच असतो, तो एकदा बनला की २०० टाका नाहीतर २००० टाका, डिझाईनचं काम तेवढंच, वाढतं ते माहिती भरायचं. उलट छोट्याशा साईटमध्ये होमपेज, आमच्याबद्दल, दालनं, संपर्क, चारही पेजं चार तऱ्हेची काढली असतील तर चार साचे, आणि बिल वाढलं. पेजं मोजू नका, वेगवेगळी दिसणारी पेजं मोजा.

मग प्रश्न येतो उद्या किंमत बदलायची झाली तर कोण बदलणार. नुसत्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पेजच्या साध्या कोडमध्ये, केलेली साईट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फास्ट, पण दर वेळी डेव्हलपरला फोन. वर्डप्रेस, म्हणजे कोड न लिहिता साईटवरचा मजकूर बदलता येतो ते सॉफ्टवेअर, २००३ पासून आहे, दुकानासाठी त्यावर २०११ मध्ये आलेलं वूकॉमर्स आहे, ते बसवलं की काका, निदान काकांची मुलगी, स्वतः किंमत बदलू शकते. पण आत दोन रस्ते आहेत. एक, तयार थीम, म्हणजे साईटचा आयता पोशाख, आणि पेज बिल्डर, म्हणजे तुकडे उचलून पेज जुळवायचं साधन, घेऊन चित्राच्या जवळपास जायचं. दुसरा, चित्राबरहुकूम थीम स्वतः लिहायची. पहिल्यात अंतर, कोपऱ्यांची गोलाई, मेनूची चाल थीम म्हणेल तशी, "जवळपास" म्हणजे किती जवळ यावर वाद. दुसऱ्यात हुबेहूब येतं पण तास चिक्कार. फाईलमध्ये डिझायनरने कोपऱ्यात लिहून ठेवलंय "पिक्सेल परफेक्ट पाहिजे", म्हणजे चित्राशी ठिपक्या ठिपक्याने जुळलं पाहिजे, आणि मला विचाराल तर काकांच्या बिलातले सगळ्यात महाग शब्द हेच, कारण गिऱ्हाईक साडी बघायला येतं, बॅनर तीन पिक्सेल खाली आहे का हे मोजायला नाही.

फाईल कशी आहे यावरही पैसे हलतात. फिग्मात रंग, अक्षरांची मापं, बटणं एका जागी बांधून ठेवलेली असली की डेव्हलपरचा हात भराभर चालतो. काकांच्या फाईलमध्ये लेयरची, म्हणजे चित्राच्या एकेका तुकड्याची, नावं "रेक्टँगल ४८", "रेक्टँगल ४८ कॉपी", करड्या रंगाच्या सात छटा, त्यातली एक पांढऱ्यावर इतकी फिकी की वाचताच येत नाही. कमी दिसणाऱ्यांनाही वाचता यावं म्हणून असलेल्या ॲक्सेसिबिलिटीच्या नियमात साध्या मजकुराला ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक, लागतो, तो यात नाही, म्हणजे रंग बदला, परत मंजुरी घ्या.

कोणी म्हणेल एवढं कशाला, एआयला स्क्रीनशॉट दिला की कोड हातात. हो, मिळतो, आणि बरा मिळतो, जे दिसतं त्याचा. त्यामुळे पोराच्या कामाचा भाव अजून खाली येईल. संपलेली साडी आणि तुटलेली शिरोरेषा स्क्रीनशॉटमध्ये नसते, ती कोणीतरी सांगावीच लागते.

बाकीचं पटापट. जीएसटी १८ टक्के, म्हणजे एजन्सीच्या सव्वा लाखाचे १ लाख ४७ हजार ५०० होतात, पण काका नियमित जीएसटी भरत असतील तर तो वरचा भाग क्रेडिट म्हणून आपल्या करातून वजा करता येतो, फ्रीलान्सरची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तिला सहसा नोंदणीच लागत नाही. डोमेन, म्हणजे साईटचं नाव, आणि होस्टिंग, म्हणजे साईट ठेवायची जागा, दर वर्षी वेगळं. पेमेंट गेटवे, म्हणजे गिऱ्हाईकाचे ऑनलाईन पैसे घेणारी सेवा, जोडायचे तास वेगळे, आणि नंतर कार्डाच्या प्रत्येक विक्रीवर गेटवे आपली टक्केवारी कापणार. बॅनरवर व्हिडिओ पाहिजे असेल तर गूगलचं माप आहे की पेजवरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, जड व्हिडिओ टाकून ते गाठायचं म्हणजे परत तास.

(इतवारी, दुकानातल्या टेबलावर लॅपटॉप आणि वही)

शेवटी मानेवाड्याच्या फ्रीलान्सरने काकांना दुकानात गाठलं. "काका, तुम्ही मला आठ गोष्टी सांगा, मग मी भाव सांगते." फोनचं चित्र, साडी संपल्यावर काय, दोन भाषा का एक, किंमत कोण बदलणार, हुबेहूब का जवळपास, कॅटलॉग कोण टाईप करणार, किती वेळा बदल फुकटात आणि त्यापुढे तासाला किती. काकांनी सातांची उत्तरं तिथल्या तिथे दिली, मराठी पक्की, इंग्रजी दिवाळीनंतर, हुबेहूब नको, किंमत मुलगी बदलेल. ४५ चे ६० झाले आणि काका कुरकुर न करता हो म्हणाले, कारण १५ हजार कशाचे वाढले ते आता वहीत लिहिलेलं होतं.

आठवी गोष्ट अडली. २०० साड्यांचे एका मापाचे, साध्या मागच्या रंगावरचे फोटो कोण काढणार. काका म्हणाले, "ते तर तुमच्यातच असंल न?" ती म्हणाली नाही. आता फोटोग्राफरचं कोटेशन मागवलंय.