अर्जातला सिग्नलवरचा मुलगा

(पदवीच्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिली रांग रिकामी आहे. पुण्यात पहिली रांग कायम रिकामीच असते. तिथे बसलं की मधेच उठून जाता येत नाही ना!

विषय फळ्यावर लिहिलाय, ‘एमएसडब्ल्यू प्रवेशाची तयारी’. एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. परीक्षा, अर्ज, मुलाखत, सगळं घेणार आहे मी. पण त्याआधी माझी एक तक्रार आहे. ती बरीच वर्षं साठलीय आणि आज समोर एवढी माणसं आयती बसलीत, तर सोडते कशाला.

प्रवेशाच्या वेळी तुम्हाला बहुतेक ठिकाणी एक निवेदन लिहावं लागतं. मला समाजकार्यात का यायचंय, पानभर. तुम्ही त्याला एसओपी म्हणता. अशा एसओपींचे गठ्ठे मी वाचलेत. आणि त्यातल्या निम्म्याअधिक कागदांवर मला एकच मुलगा भेटलाय. गाडी सिग्नलला उभी असते. काचेवर टकटक होते. बाहेर एक लहान मुलगा, हातात पेनं किंवा फुगे. त्याच्या डोळ्यांत चमक. चमक असतेच, त्याशिवाय त्याला एसओपीत घेत नाहीत. लिहिणाऱ्याच्या पोटात कालवतं, तेवढ्यात सिग्नल सुटतो आणि इकडे निर्णय झालेला असतो की उरलेलं आयुष्य समाजासाठी.

कधी तो नळस्टॉपला असतो, कधी विद्यापीठ चौकात, पण मुलगा तोच. या पोराने एवढे लोक आमच्या क्षेत्रात आणलेत की त्याला खरं तर मानधन द्यायला हवं. (हशा) हसू नका. तुमच्यातल्या काहींनी तो लिहून ठेवलाय, चेहऱ्यावरून कळतं मला. आता तर चॅटजीपीटी आलंय, त्यामुळे हल्ली त्या डोळ्यांत चमकेच्या जोडीला ‘अव्यक्त वेदना’सुद्धा दिसायला लागलीय.

माझं भांडण कळवळ्याशी नाही. कळवळा हवाच. पण त्या पानभर मजकुरात मुलाचं नाव नसतं. तो राहतो कुठे, बरोबर कोण आहे, शाळेत नाव घातलंय का, काहीच नसतं. तुम्ही काच खाली केलीत की नाही, एवढंसुद्धा नसतं! सगळं निवेदन तुमच्या पोटात काय झालं त्याचं.

इथे एक फाटा फोडते. मघाशी जिन्यात एक काका भेटले. म्हणाले, “मॅडम, समाजसेवेला डिग्री कशाला लागते? अण्णासाहेब कर्वे काय डिग्री घेऊन हिंगण्याला गेले होते?” काका आलेत ना आत? बरं. काका, अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. डिग्री होती, फक्त गणितातली. आणि याच पुण्यात १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा नुसत्या तळमळीवर कुणाला पूर्ण सदस्य करून घेतलं नाही. आधी पाच वर्षं प्रशिक्षण. पाच! आम्ही दोनच मागतोय. मुंबईत १९३६ साली दोराबजी टाटांच्या नावाने या विषयाची शाळा निघाली, क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी तिचे पहिले संचालक. तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. आणि पुण्यात १९६३ साली समाजकार्य शिकवणारी संस्था निघाली ती कर्व्यांच्याच नावाने. म्हणजे अण्णांचं नाव घेऊन डिग्री नको म्हणणं जरा अवघड आहे, काका.

तर मुलाखत. एका ठिकाणी मी मुलाखत मंडळावर होते. ठिकाण विचारू नका. सकाळी एक मुलगा आला. इंजिनीअर, इंग्रजी फर्डं, ‘ग्रासरूट’ आणि ‘एम्पॉवरमेंट’ प्रत्येक वाक्यात. माझ्या शेजारच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “तुमच्या सोसायटीतला कचरा कोण नेतं?” तो म्हणाला, “कॉर्पोरेशन.” बाई म्हणाल्या, “कॉर्पोरेशन जिना चढून येतं का?” गप्प. आता पुण्यात हा प्रश्न सोपा असायला हवा. कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, इथे १९९३ साली उभी राहिली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. कितीतरी घरांतून त्या ताई दारात येऊन ओला-सुका घेतात, महिन्याला घरटी पैसे मागतात, आणि त्या पैशांवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये केवढी भांडणं होतात! त्या भांडणात या मुलाचे वडील नक्की असणार. पण मुलाला ताईंचं नाव माहीत नव्हतं.

दुपारी भोरकडची एक मुलगी आली. बीकॉम, मार्क बेताचे, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. एसओपीत मोजून चार ओळी. ‘मी आजीची श्रावणबाळची पेन्शन सुरू केली.’ मी म्हटलं, सांग कशी केलीस. आणि मग ती जी सुटली!

आजी पंचाहत्तरीच्या. पण आधारवर जन्मतारीख एक जानेवारी आणि साल असं टाकलेलं की कागदावर आजी ५८ वर्षांच्या. सरकारच्या या वृद्धांसाठीच्या योजनेला ६५ पूर्ण लागतात. म्हणजे पहिल्याच खिडकीवर फाइल परत. हिने ग्रामीण रुग्णालयातून वयाचा दाखला काढला. त्यासाठी दोन बुधवार गेले, कारण डॉक्टर एका बुधवारी शिबिराला. मग उत्पन्न. मर्यादा वर्षाला २१,००० रुपये. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. तलाठी म्हणाले, एवढ्यात कुणाचं भागतं का, खोटं कसं लिहू? ती म्हणाली, भाऊसाहेब, भागत नाही म्हणूनच आलोय. (हशा, टाळ्या) तलाठ्याचा अहवाल, तहसीलदाराचा दाखला, मग तालुक्याच्या समितीची बैठक कधी लागते त्याची वाट. मंजूर झालं, तर बँकेत आजीचा अंगठा उठेना. आयुष्यभर भात लावून, भांडी घासून बोटांवर रेषाच राहिल्या नव्हत्या. त्यावरही तिने मार्ग काढला. आणि वर्षभराने हयातीच्या दाखल्यासाठी परत तालुक्याला जायचं आलं, तेव्हा वाडीतल्या आणखी चार म्हाताऱ्या याच कारणाने अडकल्यात हे तिच्या लक्षात आलं. तिने जीप ठरवली, पाचही जणींना एकाच दिवशी नेलं, आणि भाडं पाचात वाटलं.

मी शेजारच्या बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे. पहिल्या सत्रात आम्ही व्यक्तिसहाय्य शिकवतो, मग गटकार्य, मग समुदाय संघटन. ही मुलगी तिन्ही करून आली होती आणि तिला त्यांची नावंही ठाऊक नव्हती. नावं आम्ही शिकवू की! त्यासाठीच तर पगार घेतो.

म्हणून माझा हट्ट एवढाच आहे. अर्ज भरण्याआधी कुणाचा तरी एक कागद हातात घ्या आणि शेवटपर्यंत न्या. तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींच्या नातवाचा आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालचा शाळाप्रवेशाचा अर्ज भरा. खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा असतात, पण त्या अर्जात घर ते शाळा अंतर नकाशावर टिचकी मारून दाखवावं लागतं. मावशींनी ती टिचकी कशी मारायची? किंवा कुणाला धर्मादाय रुग्णालयात न्या. तिथे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवणं बंधनकारक आहे. काउंटरवर जाऊन ती खाट मागून बघा. ती मिळवून देणाऱ्या बाई किंवा भाऊ सापडले, की मेडिकल सोशल वर्कर म्हणजे काय ते मला शिकवावं लागणार नाही. कागद अडेल. कुठे अडला आणि का, ते लिहा. त्याची एसओपी होते.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ वर टोला मारलाय, ‘परीक्षेबद्दल बोलावे.’ बोलते, पटापट लिहून घ्या.

टिसची पूर्वी स्वतःची टिसनेट परीक्षा होती, आता सीयूईटी-पीजी, म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रमांची देशभरातली सामायिक प्रवेशपरीक्षा. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. त्यामुळे अंदाजपंचे ठोकू नका. नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा मागच्या वर्षीच्या ताईने काय सांगितलं ते नको, यंदाचं माहितीपत्रक वाचा. पुण्यातल्या महाविद्यालयांची प्रवेशप्रक्रिया वेगळी, प्रत्येकाचं माहितीपत्रक निराळं घ्या. बीएसडब्ल्यूच, म्हणजे समाजकार्यातलीच पदवी हवी असं नाही, बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेची पदवी चालते. चालू घडामोडींसाठी जाड पुस्तक घेऊ नका, रोज एक मराठी आणि एक इंग्रजी पेपर, आतली जिल्ह्याची पानंसुद्धा.

स्पेशलायझेशन. कुटुंब आणि बालकल्याण, वैद्यकीय आणि मनोविकार, समुदाय विकास, मनुष्यबळ. पिंपरी-चाकणमुळे अर्धा वर्ग एचआरकडे बघतो. त्यात कमीपणा काही नाही. १९४८च्या कारखाने कायद्याने पाचशे आणि त्याहून जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला, तिथूनच ही वाट निघाली. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांबरोबर दोन समाजकार्यकर्ते सदस्य असतात, त्यातली एक तरी स्त्री. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात. पगार? पालकांनी विचारलंच आहे, तर सांगते. सुरुवातीला कमी, आणि नेमणूक पुष्कळदा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. हे आज ऐकून घ्या, दुसऱ्या वर्षी रडू नका.

क्षेत्रकार्य आठवड्यातून साधारण दोन दिवस. वस्ती, रुग्णालय, तुरुंग, शाळा, जिथे टाकतील तिथे. घरून ‘मुलीला त्या भागात पाठवू नका’ असे फोन येतात. पालकांनी करू नयेत. प्रत्येक भेटीचा अहवाल लिहायचा असतो, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत. लिहायचा कंटाळा असेल तर हा अभ्यासक्रम घेऊ नका.

मुलाखतीत माहीत नसलेल्या गोष्टीवर भाषण ठोकू नका. ‘माहीत नाही’ म्हटलं की मंडळ पुढच्या प्रश्नाला जातं, खरंच.

आणि कागद. तुमचेही कागद असतात! शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळते. उत्पन्नाचा दाखला, जात प्रमाणपत्र, पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर. त्या नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, बघून ठेवा. उद्याच सेतूत जाऊन या. निकाल लागल्यावर तिथे बारावीची सगळी गर्दी लोटते आणि मग टोकनसुद्धा मिळत नाही.