थांब म्हटलं तरी पळाला

25 जुलै 1956, अमेरिकेत पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड, बेसबॉलची मॅच, पाहुणे शिकागो कब्स आणि घरचे पिट्सबर्ग पायरेट्स. नववी म्हणजे शेवटची इनिंग, कब्स 8, पायरेट्स 5, तिन्ही बेसवर पायरेट्सचे रनर, आणि बॅटिंगला आलाय एकवीस वर्षांचा रॉबर्टो क्लेमेंटे. कब्सनं नुकताच नवा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आणलाय, जिम ब्रॉस्नन. त्याचा पहिलाच बॉल क्लेमेंटेनं डावीकडं लांब हाणला. तिघं रनर होम प्लेटवर, म्हणजे बॅटिंगच्या जागी, परत आले की तीन रन, 8-8. आता हा थर्ड बेसकडं येतोय आणि तिथं पायरेट्सचा मॅनेजर बॉबी ब्रॅगन दोन्ही हात वर करून थांब थांब करतोय, बरोबरच होतं त्याचं, एकही आउट नव्हता, पुढच्या बॅटरनं आरामात आणला असता ह्याला. पण हा थांबलाच नाही. घसरत आला, होम प्लेट हुकली, मागं हात टाकून टेकवला. 9-8, आणि घरची टीम शेवटी बॅटिंग करते, म्हणून मॅच तिथंच खलास.

गंमत म्हणजे घरी याचं नाव मोमेन. लहानपणी काहीही सांगा, पोरगं म्हणायचं 'मोमेन्तितो', स्पॅनिशमध्ये थांब जरा.

घर कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावर, कॅरोलिना गावात. जन्म 1934 चा, भावंडांत शेंडेफळ. वडील मेल्चोर उसाच्या फडावर मुकादम. (मुकादम म्हणजे काय ते आपल्याकडं वेगळं सांगायला नको.) शाळेत हा भाला फेकायचा, आणि तो हात पुढं बेसबॉलमध्ये कामाला आला. आउटफिल्डर म्हणजे आपल्या बाउंड्रीवरच्या फिल्डरसारखाच, पण त्याचा थ्रो जरा जरी ढिला पडला की समोरचा रनर एक बेस फुकट खातो.

1952 मध्ये पोर्तो रिकोच्याच सँतुर्से क्लबनं आठवड्याला 40 डॉलरवर घेतलं. त्याच वर्षी सान हुआनच्या सिक्स्तो एस्कोबार स्टेडियमवर अमेरिकेतल्या ब्रुकलिन डॉजर्स टीमसाठी खेळाडू शोधणाऱ्या अल कॅम्पॅनिसनं पोरांची ट्रायल घेतली, त्यात हा सगळ्यांत उठून दिसला.

1954 मध्ये डॉजर्सनं 10,000 डॉलर बोनस देऊन साइन केलं, आणि तिथंच घोळ झाला. तेव्हाचा नियम असा, की 4,000 च्या वर बोनस दिलेला खेळाडू मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या लीगच्या, टीममध्येच ठेवायचा, खाली पाठवलात तर सीझननंतर दुसरी टीम त्याला उचलू शकते. डॉजर्सनं खाली पाठवला, खालच्या लीगमधल्या आपल्याच मॉन्ट्रियल टीमकडं. अख्ख्या सीझनमध्ये 87 मॅच, त्याही अर्धवट. दुसऱ्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून मुद्दाम बसवला असं लोक म्हणतात, त्यावर अजून वाद आहे. पण हात कसा लपवणार? पायरेट्सचा कोच क्लाइड सुकफोर्थ रिचमंडला मॉन्ट्रियलच्याच दुसऱ्याच एका पिचरला बघायला गेला होता, मॅचआधीच्या प्रॅक्टिसमध्ये त्यानं ह्याचे थ्रो बघितले आणि पिचर राहिला बाजूला. पायरेट्स त्या वर्षी तळाला, म्हणून असे खेळाडू उचलायचा पहिला नंबर त्यांचा. 4,000 डॉलरमध्ये क्लेमेंटे त्यांचा झाला.

तो हिवाळा विचित्रच. सँतुर्सेच्या आउटफिल्डमध्ये शेजारी कोण, तर मेजर लीगचा स्टार विली मेज! आणि त्याच डिसेंबरमध्ये एका दारुड्यानं ह्याच्या गाडीला ठोकलं, मान आणि पाठ कायमची दुखावली, शिवाय 31 तारखेला भाऊ लुईस ब्रेन ट्यूमरनं गेला. पुढं आयुष्यभर बॅटिंगला येताना मान इकडून तिकडं फिरवायचा, आणि पेपरवाले म्हणायचे नाटकं करतो.

17 एप्रिल 1955 ला पहिली मॅच, समोर नेमके डॉजर्सच. पहिल्याच वेळेला हिट! पाठीवर आधी 13 होता, मग 21 घेतला, कारण रोमन लिपीत रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर या पूर्ण नावाची अक्षरं भरतात 21. आता ज्याला स्वतःचं नाव इतकं प्यारं, त्याला बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची कार्डं छापणाऱ्यांनी 1957 पासून करून टाकलं 'बॉब'. त्याचं इंग्लिश पेपरात जसंच्या तसं, उच्चारासकट छापायचे, लोकांना हसू यावं म्हणून. फ्लोरिडात फोर्ट मायर्सच्या कॅम्पला टीमच्या हॉटेलात क्लेमेंटेसारख्या काळ्या खेळाडूंना जागा नाही, वाटेत गोरे आत जेवायला जाणार आणि हे बसमध्ये बसून. क्लेमेंटे हे गपगुमान ऐकून घेणाऱ्यातला नव्हता, त्यामुळं तापट म्हणूनही नाव झालं.

1955 ला ॲव्हरेज .255, म्हणजे हजार वेळा बॅटिंगला आला तर 255 हिट, दुसऱ्या वर्षी .311. 1960 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या फायनलमध्ये, सातही मॅचमध्ये हिट. आणि 1961 ला .351, म्हणजे नॅशनल लीगमध्ये, मेजर लीगच्या दोन भागांपैकी पायरेट्सच्या भागात, सगळ्यांत वर, तर सगळ्यांत जास्त होम रन ओर्लांदो सेपेदाचे, 46, तोही पोर्तो रिकोचाच! दोघं एकत्र सान हुआनला उतरले तेव्हा रस्ते माणसांनी भरलेले, आणि मिरवणूक गेली कुठं, तर सिक्स्तो एस्कोबार स्टेडियमवर, जिथं नऊ वर्षांपूर्वी ह्यानं ट्रायल दिली होती. तिथं त्याला बॉब म्हणणारं कुणी नव्हतं.