‘मला बोलू द्या’

(पडद्यावर बंद दार. पलीकडून बोलण्याचा आवाज येतो. शब्द कळत नाहीत.)

निवेदन :

साल १८८०. व्हिएन्नातली एकवीस वर्षांची बर्था पापेनहाइम आजारी वडिलांच्या उशाशी रात्र रात्र जागते आहे. हळूहळू तीच आजारी पडते. हात लुळा पडतो, नजर अधू होते. पुढे काही काळ तर तिला स्वतःची जर्मन भाषाच बोलता येत नाही, ती फक्त इंग्रजीत बोलते. डॉक्टर योसेफ ब्रॉयर तिच्यापाशी येऊन बसतात. ती मनात साचलेलं सांगत जाते, आणि सांगून झालं की तिला थोडं हलकं वाटतं.

या प्रकाराला नाव तिनंच दिलं : बोलण्याचा उपचार. गमतीत असली की म्हणायची, धुराडं साफ करणं.

मानसोपचाराचा इतिहास सांगताना आधी डॉक्टरांची नावं घ्यायची पद्धत आहे. आम्ही सुरुवात बर्थापासून केली, कारण ऐकायचं कसं हे उपचार करणाऱ्यांना शिकवलं ते समोर बसलेल्या माणसांनी.

१८८९ च्या सुमाराला सिग्मंड फ्रॉइड या डॉक्टरकडे चाळिशीची एक स्त्री उपचार घेत होती. फ्रॉइड सारखा विचारायचा, हे कशामुळे, ते कुठून आलं? ती वैतागली. सारखं विचारत बसू नका, मला जे सांगायचंय ते सांगू द्या, असं तिनं त्याला सुनावलं. फ्रॉइडनं ते मानलं, आणि तशी नोंदही करून ठेवली. आजही थेरपिस्ट होऊ पाहणाऱ्याला सगळ्यात आधी हेच शिकावं लागतं : गप्प राहायला.

(पडद्यावर जुनी हस्तलिखित पानं.)

बर्थाची हकिकत १८९५ मध्ये छापली गेली, ‘अ‍ॅना ओ.’ या टोपणनावानं. वाचणाऱ्याला वाटावं, ती पूर्ण बरी झाली. प्रत्यक्षात त्यानंतरही तिला आरोग्यधामात राहावं लागलं होतं. पुढे ती स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणारी कार्यकर्ती झाली. १९०४ मध्ये तिनं जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभारली. १९३६ मध्ये ती वारली. आणि १९५३ मध्ये फ्रॉइडचा चरित्रकार अर्नेस्ट जोन्स यानं ‘अ‍ॅना ओ.’ म्हणजे कोण, ते जाहीर करून टाकलं. आजारपणातल्या सगळ्यात नाजूक दिवसांना तिचं खरं नाव चिकटलं. तिची परवानगी घेण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

गोपनीयता म्हणतात ती ही. बंद दाराआड सांगितलेलं दाराबाहेर जाणार नाही, या भरवशावरच माणूस तोंड उघडतो.

त्या भरवशालाही मर्यादा आहे. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात तातियाना तारासॉफ या तरुणीचा खून झाला. खून करणाऱ्यानं आपला हेतू आधीच थेरपिस्टला सांगितला होता. थेरपिस्टनं पोलिसांना कळवलंही, पण तिला कुणी सावध केलं नाही. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं : दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असेल, तर त्याला वाचवण्यासाठी वाजवी पावलं उचलणं थेरपिस्टचं कर्तव्य आहे. याबाबतचे नियम सगळीकडे सारखे नाहीत. म्हणून गुपित कधी उघड करावं लागू शकतं, हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं. बोलून झाल्यावर सांगणं म्हणजे फसवणूक.

(पडद्यावर समोरासमोर दोन खुर्च्या.)

१९४२ मध्ये कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आग्रह धरला की समोरच्याला ‘पेशंट’ नको, ‘क्लायंट’ म्हणूया. मराठीत अशील म्हटलं की वकीलच आठवतो, त्यामुळे आपणही क्लायंटच म्हणतो. बदल नुसता शब्दाचा नव्हता. पेशंटवर उपचार केले जातात. क्लायंट स्वतः मदत मागायला आलेला असतो, आणि कुठे जायचं हे तो ठरवतो.

पुढे पद्धती वाढल्या. १९६० च्या दशकात एरन बेक हा मनोविश्लेषक नैराश्यातल्या माणसांच्या मनात आपोआप उमटणारे विचार टिपू लागला : ‘मी कुचकामी आहे’, ‘काही बदलणार नाही’. क्लायंट आणि थेरपिस्ट मिळून ते विचार तपासतात, दोन सेशनच्या मधल्या दिवसांत करून बघायला काही ठरवतात. पण पद्धत कुठलीही असो, ध्येय काय, ते गाठायचं कसं, यावर दोघांचं एकमत आणि एकमेकांवर विश्वास असेल, तर उपचार लागू पडण्याची शक्यता वाढते. संशोधनात हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

त्यामुळे हक्क हा फक्त सही करायच्या कागदाचा विषय राहत नाही. तुमचं शिक्षण काय, तुम्ही कुठली पद्धत वापरता, दुसरा काही पर्याय आहे का, फी किती, माझ्या नोंदी कोण वाचणार, हे सगळं क्लायंटनं विचारावं. सेशन रेकॉर्ड करायचं तर आधी संमती हवी, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. थेरपिस्टनं क्लायंटशी लैंगिक संबंध ठेवणं कुठल्याही परिस्थितीत चूकच. क्लायंट ‘हो’ म्हणाला तरी दोष थेरपिस्टचाच.

आणि थांबण्याचा हक्क. तो बजावताना माणसं फार अवघडतात. ‘त्यांना वाईट वाटेल’ म्हणून महिनोन्‌महिने जात राहतात.

(पडद्यावर पुन्हा तेच दार.)

१९०० साली अठरा वर्षांच्या ईडा बाउअरला वडिलांनी फ्रॉइडकडे आणलं. वडिलांच्या एका मित्रानं तिच्याशी लगट केली होती आणि घरचे ते खरं मानत नव्हते. फ्रॉइडनं घटना खरी मानली. पण तिला खरं तर तो माणूस आवडतो, असं तो तिलाच पटवू लागला. अकरा आठवडे तिनं ऐकून घेतलं. ३१ डिसेंबरला तिनं सांगितलं, आज शेवटचं. त्या दिवशीही फ्रॉइड आपला अर्थ सांगत राहिला. तिनं शांतपणे ऐकलं, नव्या वर्षाच्या मनापासून शुभेच्छा दिल्या, आणि निघाली.

(दार उघडतं.)