नव्या विमानाचे पहिले उड्डाण

पडद्यावर दिसणाऱ्या या रेडिओ-नियंत्रित विमानाचा पंखविस्तार दीड मीटर आहे. बाल्साच्या हलक्या लाकडातून कापलेल्या बरगड्यांवर रंगीत फिल्म इस्त्रीने ताणून बसवलेली आहे, नाकाशी ब्रशलेस मोटर आहे आणि पोटात ११.१ व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी आहे. पंख धडाच्या वर बसवलेला असून दोन्ही टोकांकडे किंचित उचललेला आहे, त्यामुळे विमान एका अंगावर कलले तरी आपणहून सरळ होऊ पाहते. नवशिक्यांसाठी असलेल्या या प्रकाराला ट्रेनर म्हणतात. हे विमान अजून एकदाही जमिनीवरून उचललेले नाही.

पहिल्या उड्डाणाचे बरेचसे भवितव्य घरातल्या टेबलावरच ठरते, आणि त्यात सर्वांत महत्त्वाचा असतो गुरुत्वमध्य. पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी २४ सेंटीमीटर असेल, तर असे विमान पुढच्या कडेपासून साधारण ६ ते ७ सेंटीमीटरवर, पंखाखाली दोन बोटे टेकवून उचलल्यावर समतोल राहिले पाहिजे. हा बिंदू मागे सरकला, तर नाक थोडे जरी वर गेले तरी ते आणखी वर जाऊ लागते आणि एलिव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरील फळीच्या, जराशा हालचालीने विमान उसळते. तो थोडा पुढे असला, तर विमान जड वाटते, उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो, पण ते हाताबाहेर जात नाही. म्हणून पहिल्या दिवशी बॅटरी थोडी पुढेच सरकवून बांधावी.

त्यानंतर विमानाच्या मागे उभे राहून नियंत्रणांच्या दिशा तपासायच्या असतात. हातातील ट्रान्समीटरची स्टिक उजवीकडे नेली की उजवे एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर आणि डावे खाली गेले पाहिजे, स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर उचलला गेला पाहिजे. ट्रान्समीटरमधील एका चुकीच्या सेटिंगने सर्व्हो, म्हणजे या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर, उलटा फिरतो. एलेरॉन हलताना पाहून समाधान मानणारा आणि ते कोणत्या दिशेला हलले हे न पाहणारा माणूस जमीन सुटताच काही क्षणांत विमान गमावू शकतो.

रेडिओचा भरवसा हा या छंदाचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९३७ साली वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचे विमान रेडिओने उडवले. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. पुढे अनेक दशके एकाच चॅनेलवर दोन ट्रान्समीटर सुरू झाले की विमान कोसळण्याचा धोका असे. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांमध्ये हा गोंधळ जवळजवळ संपला आहे. तरीही ट्रान्समीटरची शक्ती कमी करून काही पावले दूर जायचे आणि सर्व्हो न अडखळता चालतात का, हे पाहायचे. विमान घट्ट धरून ट्रान्समीटर बंद केला, की मोटर थांबली पाहिजे. ही शेवटची तपासणी मला माणसांच्या सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक वाटते.

महाराष्ट्राच्या पठारावर या कामाला हिवाळ्यातील सकाळ उत्तम, कारण ऊन चढले की तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत वर उठू लागतात. जागा निवडताना ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा पाहावाच लागतो, हरित क्षेत्रात, म्हणजे जिथे उड्डाणाला आधी परवानगी लागत नाही तिथे, साधारणपणे ४०० फुटांपर्यंत, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे.

विमान आता वाऱ्याच्या तोंडाशी उभे आहे. मोटरला हळूहळू शक्ती दिली जाते. प्रॉपेलरच्या फिरण्यामुळे नाक डावीकडे ओढले जाते, म्हणून रडर, म्हणजे शेपटीवरचे उभे सुकाणू, हलकेसे उजवीकडे वळवावे लागते. चाके सुटल्यावर घाईने चढवायचे नाही. पंख समतल ठेवून, वेग राखून, चूक सावरता येईल एवढी उंची गाठायची. तिथे शक्ती निम्म्यावर आणायची आणि स्टिक सोडल्यावर विमान कुठे झुकते ते पाहत एकेक ट्रिम, म्हणजे तो झुकाव घालवणारी बारीक दुरुस्ती, लावायचा. विमान आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावे-उजवे उलटे भासते, आणि नवख्याची बोटे इथेच फसतात. त्यामुळे विमान नवे आणि वैमानिकही नवा असेल, तर पहिले उड्डाण अनुभवी हाताकडे सोपवावे, असे माझे ठाम मत आहे. विमान बांधणाऱ्याचे श्रेय त्याने कमी होत नाही.

उतरण्यापूर्वी उंचीवरच मोटर मंद करून, एलिव्हेटर हळूहळू ओढत विमान कोणत्या वेगाला पडू लागते आणि कोणता पंख आधी टाकते, हे जाणून घ्यायचे. जमिनीजवळ त्याहून सावकाश जायचे नाही, हे त्यावरून कळते. बॅटरी अर्ध्याच्या आसपास असतानाच उतरायला यावे, म्हणजे पहिला प्रयत्न फसला तर पुन्हा फेरी मारता येते.

चाके टेकली, विमान थांबले. बॅटरी काढून मोटर किती तापली ते हाताने पाहिले जाते, पंखाचे स्क्रू आणि नियंत्रणांच्या तारांचे सांधे तपासले जातात. हवेत लावलेला ट्रिम आता तारांची लांबी बदलून कायम केला जाईल, ट्रान्समीटरवरील ट्रिम पुन्हा मध्यावर येतील आणि मगच दुसरी बॅटरी जोडली जाईल.