रंबल रोझेस डबल एक्स: खेळ वाढला, गोष्ट गेली

नमस्कार, श्रोतेहो.

आज महिलांच्या कुस्तीवरच्या एका व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाबद्दल बोलणार आहे. नाव 'रंबल रोझेस डबल एक्स'. कोनामी कंपनीचा, 2006 सालचा, एक्सबॉक्स 360 वरचा. रिंगणात सगळ्या महिला, पुरुष एकही नाही. याचा पहिला भाग 2004 मध्ये प्लेस्टेशन 2 वर आला होता. बनवणारे तेच, जपानची यूक्स ही कंपनी. 'स्मॅकडाउन' या कुस्तीच्या गेममालिकेचे खेळ ज्यांनी केले तेच हे लोक, त्यामुळे पकड कशी घालायची आणि समोरचीचा डाव ऐन वेळी तिच्यावर कसा उलटवायचा, यात त्यांचा हात बसलेला होता.

दुसऱ्या भागात काय वाढलं? पुष्कळ वाढलं. पहिल्यात फक्त एकीला एक अशीच झुंज होती. इथे जोड्यांच्या कुस्त्या आल्या, एकीवर दोघी सोडता येऊ लागल्या, चौघं एकत्र खेळू लागले, इंटरनेटवरून दूरच्या माणसाशी भिडता येऊ लागलं. रिंगणाबाहेर रस्त्यावरची मारामारी आली. पोशाख बदला, अंगयष्टी बदला, सगळं आपल्या हातात. आणि चित्र तर असं स्वच्छ, की त्या काळात बघतच राहावं.

मग गेलं काय? गोष्ट गेली. पहिल्या भागात रेइको हिनोमोतो नावाची मुलगी होती, कुस्तीगीर आईची लेक, हरवलेल्या बहिणीच्या शोधात रिंगणात उतरलेली. प्रत्येक कुस्तीगिरणीची अशी एक कहाणी होती. कथानक काही फार थोर होतं असं मी म्हणणार नाही, पण समोर कोण उभी आहे आणि तिच्याशी आपलं काय वैर आहे, हे कळायचं. दुसऱ्या भागातून ही कहाणीच काढून टाकली. लढा, लोकप्रियता वाढवा, पुन्हा लढा. खेळ वाढला, गोष्ट गेली. हे वाक्य ध्यानात असू द्या, मी पुन्हा म्हणणार आहे.

आता या दुसऱ्या भागात 'क्वीन्स मॅच' नावाचा एक प्रकार आहे. हरणारीला काय शिक्षा द्यायची हे आधी ठरवायचं, आणि हरली की तिने ती सगळ्यांसमोर भोगायची. लाजिरवाणी शिक्षा. तो प्रकार पाहिला आणि मला 28 ऑगस्ट 1985 आठवलं. श्रोतेहो, हा किस्सा ऐकाच.

जपानमध्ये तेव्हा महिलांच्या कुस्तीचं एकच मोठं घर होतं, ऑल जपान विमेन्स. फुजी टीव्हीवर त्यांच्या कुस्त्या लागायच्या. तिथे क्रश गॅल्स नावाची जोडी होती, चिगुसा नागायो आणि लायनेस आस्का. या दोघी कुस्ती करायच्या, गाणी गायच्या, आणि त्यांच्या सामन्यांना गर्दी कोणाची? शाळकरी मुलींची. बारा-पंधरा वर्षांच्या पोरी घसा बसेपर्यंत ओरडायच्या. चिगुसा त्यांना आपली वाटायची.

आणि समोर होती डम्प मात्सुमोतो. देहाने आडदांड, तोंडाला भडक रंग, हातात साखळी नाहीतर बांबूची तलवार, आणि मागे गोकुआकु दोमेई ही तिची टोळी. गंमत अशी, की चिगुसा आणि डम्प दोघीही 1980 च्याच तुकडीतल्या. एकत्र शिकलेल्या, एकत्र घाम गाळलेल्या. एकीच्या वाट्याला टाळ्या आल्या, दुसरीने शिव्या पत्करल्या. आणि त्या शिव्या रिंगणापुरत्या राहिल्या नाहीत, बाहेरच्या जगातही लोकांचा राग तिने सोसला. माझं तर मत आहे, कुस्तीतला पहिला सन्मान खलनायिकेला द्यायला हवा. ती नसेल तर नायिकेला कोण विचारतो?

तर त्या 28 ऑगस्टला चिगुसा आणि डम्प समोरासमोर आल्या, ओसाका शहरातल्या ओसाकाजो हॉल या सभागृहात. अट अशी: जी हरेल तिचं मुंडण, तिथल्या तिथे, रिंगणात. चिगुसा वीस वर्षांची होती. सामना सुरू झाला आणि डम्पने आपली सगळी आयुधं बाहेर काढली. चिगुसाचं कपाळ फुटलं, चेहरा रक्ताने माखला. पोरी किंचाळत होत्या, चिगुसाला हाका मारत होत्या. चिगुसा हरली. हो, हरली! तिला रिंगणात धरून बसवलं आणि डोक्यावरून यंत्र फिरू लागलं. केस खाली पडत होते आणि सभागृहभर मुली हमसून हमसून रडत होत्या. ती चित्रफीत आजही पाहायला मिळते. पहा, आणि रिंगणाइतकंच त्या मुलींच्या चेहऱ्यांकडेही पहा.

काही लोक नाक मुरडतात, म्हणतात ही तर नूरा कुस्ती, शेवट आधीच ठरलेला. अहो, रामायणाचा शेवट कोणाला ठाऊक नसतो? तरी कथेकऱ्यासमोर माणसं डोळे पुसतातच ना? आणि ते कपाळावरचं रक्त खरं होतं, ते केसही खरेच होते.

पुढे काय झालं, तेही सांगतो. 7 नोव्हेंबर 1986, तेच सभागृह, तीच अट. या खेपेला डम्प हरली आणि तिचं मुंडण झालं. चौदा महिने लोकांनी या क्षणाची वाट पाहिली होती. एक हिशेब चुकता व्हायला चौदा महिने! 1988 मध्ये डम्प निवृत्त झाली. आणि ते कुस्तीचं घर 2005 मध्ये बंद पडलं, 'रंबल रोझेस' जपानच्या दुकानांत आला त्याच वर्षी.

आता परत गेमकडे. क्वीन्स मॅचमध्ये शिक्षा आहे, पण शिक्षेमागे काही नाही. हरणारी कोण, जिंकणारीशी तिचं नातं काय, उद्या ती परत येणार का? उत्तर नाही. शिक्षा संपली की पुढचा सामना. वर कॅमेरा असा फिरतो, की या बाया लढायला आल्यात की मिरवायला, तेच कळू नये. फोटो काढण्याची वेगळी सोयसुद्धा आहे. चिगुसाचं मुंडण पाहताना ओसाकातल्या एकाही मुलीचं लक्ष तिच्या पोशाखाकडे नव्हतं. इथे गेम बनवणाऱ्यांचं लक्ष बहुतेक वेळ तिकडेच आहे. मला हे खटकतं, कारण डावांची आखणी उत्तम आहे. फेक, पकड, उलटवणं, सगळ्यात वजन जाणवतं. इतकी चांगली कारागिरी होती, तिला एक वैर तरी द्यायचं होतं.

पुन्हा सांगतो. खेळ वाढला, गोष्ट गेली.

दहापैकी किती गुण, असं विचाराल तर मी आकडा देणार नाही. आकडा दिला की लोक बाकीचं ऐकत नाहीत. परीक्षणांना ही खोड कोणी लावली कोण जाणे, पण वाईट खोड आहे.

दोन्ही भाग 17 वर्षांवरच्यांसाठी आहेत, घरात लहान मुलं असतील तर तेवढं पाहा. एकट्याने खेळणार असाल तर पहिला भाग घ्या आणि रेइकोपासून सुरुवात करा. दुसरा हाती लागला तर तिघांना बोलवा, जोड्या पाडा, आणि कोणाचं कोणाशी वैर ते खेळायच्या आधी आपसांत ठरवून घ्या. गेम ते तुम्हाला देणार नाही.