मुंबईत पाण्यावरून शिरा

मंडळी, पुणेकराची मुंबई बोरघाट उतरला की सुरू होते. रेल्वेने कल्याण, ठाणे, दादर; द्रुतगती मार्गाने वाशी, चेंबूर. या सगळ्या वाटा म्हणजे परसदारातून घरात शिरणं. मुंबईचं दर्शनी अंगण पूर्वेकडे आहे, बंदराच्या बाजूला. कापूस, अफू, घोडे, आगबोटी आणि पोटामागे निघालेली कोकणातली माणसं, सगळी ये-जा याच बाजूने झाली. म्हणून माझा आग्रह आहे, एकदा तरी मुंबईत पाण्यावरून शिरा.

पुण्याहून ते अवघड नाही. खोपोली, पेण, वडखळ करत अलिबागच्या रस्त्याने मांडव्याला जा. तिथून दोन वाटा फुटतात. २०२० साली सुरू झालेल्या रो-रो बोटीत गाडी चढवलीत, तर साधारण तासाभरात भाऊच्या धक्क्याला उतराल. गाडी नसेल, तर गेटवेकडे जाणारी बोट घ्या. मी नवख्याला दुसरीच सुचवेन. कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज दीपगृह, १८७५ सालचा ससून डॉक, मग ताज आणि गेटवे, असं शहर हळूहळू जवळ येतं. जमिनीवरून गेटवे ही सहलीची गर्दीची जागा वाटते. पाण्यावरून कळतं की तो खरोखरच दरवाजा आहे. स्वतंत्र भारतातून शेवटची ब्रिटिश पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच कमानीखालून बोटीकडे गेली.

गेटवेच्या उत्तरेला नौदलाची गोदी लागते. तिकडे कॅमेरा रोखू नका, नुसतं बघा. सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने इथे पिढ्यान् पिढ्या जहाजं बांधली. त्यातलं ‘ट्रिंकोमली’ हे लढाऊ जहाज मलबारच्या सागवानाचं. ते १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलं. पुणेकरांनी ही तारीख लक्षात ठेवावी, कारण त्यानंतर महिन्याच्या आतच, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. इकडे पेशवाई बुडत होती आणि तिकडे मुंबईचे सुतार साहेबासाठी जहाज उतरवत होते. ते जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. आपल्याकडच्या सागवानाची आणि आपल्या कारागिरांची ही कमाई आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवी, असं मला फार वाटतं.

आणखी उत्तरेला व्हिक्टोरिया गोदी होती. १४ एप्रिल १९४४ रोजी तिथे ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी.

घारापुरीला तुम्ही बहुतेक जण जाऊन आला असाल, म्हणून लेण्यांबद्दल जास्त बोलत नाही. सोमवारी लेणी बंद असतात, एवढं ध्यानात ठेवा. जाताना मात्र बोटीत वरच्या मजल्यावर बसा. समोर मिडल ग्राउंडचा चिमुकला किल्ला दिसेल, पुढे जवाहर द्वीपाला लागलेली तेलवाहू जहाजं. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचच्या मागे उडत येतात. त्यांना वेफर्स, कुरकुरे फेकू नका. ते त्यांचं खाणं नव्हे.

आता भरती-ओहोटी. उरणजवळच्या मोऱ्याला किंवा अलिबागकडच्या रेवसला लाँचने जायचं असेल, तर हे कळलंच पाहिजे, कारण ओहोटीला तिथे गाळ उघडा पडतो आणि लाँच धक्क्याला लागायची पंचाईत होते. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांचा एक सोपा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. आज चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आसपास पूर्ण भरती, आणि पहाटे तीनलाही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. त्याच्या सहा तास पुढे ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. वेळ थोडी इकडे-तिकडे होते, पण बेत आखायला हे पुरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार कमी. भिंतीवर कालनिर्णय असेल, तर बंदराचं वेळापत्रक घरातच आहे.

आणि पावसाळ्यात हट्ट करू नका. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. दिव्यांच्या अवसेसाठी गावी निघालेले चाकरमानी तीत होते. काशाच्या खडकाजवळ ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत घेतली, म्हणून काही वाचली. अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ रोजी, शांत समुद्रात आणि भर दिवसा घारापुरीच्या लाँचला स्पीडबोट धडकली, माणसं दगावली. म्हणून लाइफ जॅकेट मिळालं की अंगावर चढवा, पट्टे बांधा, मांडीवर घेऊन बसू नका. जॅकेट कमी असतील, तर बोट सोडा, पुढच्या फेरीने जा.

शेवटी ज्यांना आणखी एक दिवस काढता येईल, त्यांच्यासाठी खांदेरी. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून स्थानिक होडी ठरवून जाता येतं. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांनी गलबतं आणून वेढा घातला. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्या आरमाराने, लहान होड्यांतून रात्री सामान पोचवत, काम चालू ठेवलं. शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी आहे. लोहगड, राजगड तुमचे चढून झालेत. हा किल्ला मात्र पाण्यावरूनच गाठावा लागतो. उतरताना खडक शेवाळलेले असतात, तेव्हा तळव्याला पकड असलेले बूट घाला, पाणी बरोबर न्या, आणि परतायची वेळ नाखव्याला विचारूनच ठरवा.